ठोकलेल्या गाडीची उतरलेली किंमत

पोरी, विमा कंपनीने दुरुस्तीचं बिल भरलं म्हणजे नुकसान भरून निघालं, असं समजू नकोस. खरं नुकसान गाडी विकायला काढल्यावर कळतं. रंग चकचकीत असतो, इंजिन ठणठणीत असतं. पण घेणारा दाराचं रबर ओढून आतली वेल्डिंग बघतो, बॉनेटच्या नटांवर पान्याच्या खुणा शोधतो, आणि ‘ठोकलेली आहे’ म्हणत भाव पाडतो. ही उतरलेली किंमत मागता येते. फक्त ती योग्य माणसाकडे मागावी लागते.

स्वतःच्या विम्यातून ती मिळत नाही. झीरो डेप असला तरी नाही. एरवी प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापतात, ते झीरो डेपमुळे वाचतात, एवढंच. किंमत मागायची ती ज्याने ठोकलं त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या थर्ड पार्टी विम्याकडे. मोटार वाहन कायद्याचं 166 कलम फक्त जखमींसाठी आहे, असा बहुतेकांचा समज असतो. पण नुकसान झालेल्या मालमत्तेच्या मालकालाही त्याखाली दावा करता येतो. समोरची खासगी कार असेल तर अशा नुकसानीसाठी तिच्या विम्यात साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत सोय असते. हप्ता वाचवायला मालकाने ती मर्यादा 6,000 वर आणली असेल, तर उरलेलं त्याच्याच खिशातून मागावं लागतं. आणि काटई-बदलापूर रस्त्यावर परराज्यातल्या ट्रकने ठोकलं म्हणून त्याच्या गावी खेपा घालायची गरज नाही. अपघात झाला तिथे किंवा तू राहतेस तिथे दावा लावता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे फॉरेस्ट नाक्यावर गाडी घासली की चार माणसं जमतात आणि ‘पाच हजार घ्या, मिटवा’ म्हणतात. मार बंपरवर असेल तर खुशाल मिटव. बंपर बदलल्याने किंमत फारशी उतरत नाही, उलट क्लेम केलास तर नो क्लेम बोनस मात्र जातो. पण अप्रन, पिलर किंवा चेसिसला मार बसला असेल, एअरबॅग उघडल्या असतील, तर ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नकोस. त्या सहीनंतर मागायला तोंड राहत नाही. गाडी हलवण्याआधी दोन्ही नंबरप्लेट दिसतील असे फोटो काढ, पोलिसांत नोंद कर, पंचनाम्याची प्रत घे.

पुरावा दोन भावांचा लागतो: अपघाताआधी गाडीची काय किंमत आली असती, आणि दुरुस्तीनंतर काय येते. पॉलिसीवरचा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, हा बाजारभाव नव्हे, त्यावर विसंबू नकोस. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच धावलेल्या गाडीचे भाव जुन्या गाड्यांच्या दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी घे आणि परवानाधारक मूल्यमापकाचा अहवाल करून घे. गरज पडली तर साक्षीला उभा राहील असाच माणूस निवड. तोंडी अंदाजाला कोर्टात किंमत नाही. जे बिल तुझ्या विम्याने दिलं ते पुन्हा मागू नकोस. मागायचं ते उरलेलं: उतरलेली किंमत, तुझ्या खिशातून गेलेले पैसे, गाडी बंद असताना झालेला खर्च. चूक थोडी तुझीही असेल तर तेवढं कापलं जाईल, हेही धरून चाल.

पुराचं मात्र वेगळं. 26 जुलै 2005 ला आणि 2019 च्या जुलैत उल्हास नदीने बदलापूरकडे जे केलं, त्यात दावा कोणावर लावणार? तिथे पाण्यातली गाडी चालू न करणं हाच एक उपाय. चालू केल्याने इंजिन गेलं तर साधा विमा हात वर करतो.

विकताना अपघात लपवू नकोस. जुन्या भागांचे फोटो, बिलं, सर्व्हेअरचा अहवाल, सगळं एका फायलीत ठेव. काय बदललं हे कागदावर दिसलं की घेणाऱ्याची शंका कमी होते आणि भाव फारसा पडत नाही. कोर्टातून पुढे जे मिळेल ते मिळेल, हे आजच हातात आहे.

तुझी गाडी ठोकून महिना होत आला. 2022 पासून दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे, आणि अहवाल, नोंदी जमवण्यात दोन महिने सहज जातात. या आठवड्यातच कल्याणला जाऊन अपघाताच्या दाव्यांचं काम करणारा वकील गाठ.