प्रेमाची थकबाकी ठेवू नकोस

अगं, नोव्हेंबर लागला की तुझ्या मनात धाकधूक सुरू होते, हे मला ठाऊक आहे. 2 तारखेला आपण दफनभूमीत जातो, थडगी धुतो, झेंडूची फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्यानंतरच्या रविवारांची वाचनंही शेवटाचीच असतात: जागे राहा, घटका ठाऊक नाही. त्यात मोबाइलवर कुणी ना कुणी जगबुडीच्या तारखा पाठवत असतं. मग बोरिवलीहून अंधेरीला जाणाऱ्या गर्दीत उभी राहून तू स्वतःलाच विचारत बसतेस, प्रभू आज आला तर मी तयार आहे का?

आधी त्या तारखा डोक्यातून काढून टाक. तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द प्रभूनेच सांगितलंय. थेस्सलनीकातल्या मंडळीतही काही जण कामधंदा सोडून भटकू लागले होते. पौलाने त्यांचं कौतुक केलं नाही. निमूटपणे काम करा आणि स्वतःच्या कष्टाची भाकरी खा, असं बजावलं. तेव्हा तुझी सकाळची लोकल, तुझी नोकरी, आईचं औषध वेळेवर आणणं, हे सगळं तयारीतच मोडतं. तयारीसाठी संसारातून उठून जावं लागत नाही.

आता मत्तयाचा 25वा अध्याय एकदा सलग वाच. मिस्सात आपण तो तुकड्यातुकड्यांनी ऐकतो, म्हणून धागा सुटतो. आधी दहा कुमारींचा दाखला, मग चाकरांवर सोपवलेल्या पैशांचा, आणि शेवटी न्यायाचा देखावा. पहिल्या दाखल्यात एक गोष्ट नीट बघ. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या होत्या, शहाण्या पाच जणीसुद्धा. प्रभू त्यांच्या झोपेला नावं ठेवत नाही. फरक पडला तो तेलाने: शहाण्यांनी दिव्यांसाठी ते बरोबर घेतलं होतं, बाकीच्यांनी नाही. म्हणून रात्र रात्र तळमळत काढणं म्हणजे जागं राहणं नव्हे, बाळा. शांत झोप.

आणि ते तेल कोणतं, हे शोधायला लांब जायला नको. मला तरी ते त्याच अध्यायाच्या शेवटी सापडतं. भुकेल्याला जेवण, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट. न्यायाच्या वेळी राजा तेवढंच विचारतो. ज्यांनी हे केलं, ते उलट त्यालाच विचारतात, "हे आम्ही कधी केलं?" त्यांना आठवतसुद्धा नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. असं प्रेम ऐनवेळी उसनं मिळत नाही, रोज थोडं थोडं साठवावं लागतं.

पंडिता रमाबाईंचंच बघ ना. कोवळ्या वयात दुष्काळात त्यांनी आई-वडील गमावले, पाठोपाठ बहीणही गेली. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. संस्थेला पुढे आधार असावा म्हणून पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. तेव्हा पुढचं कोणाला ठाऊक होतं? 1896–97चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलीबाळींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, एवढ्या मुलींना शहरात ठेवणं अशक्य झालं. तेव्हा केडगावची जमीन कामी आली. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं आणि शेकडो जणींना घर मिळालं. दुष्काळ येणार असं काही त्यांना स्वप्नात दिसलं नव्हतं. नित्याचं काम प्रेमाने करत होत्या, म्हणून संकट आलं तेव्हा विहीर खणलेली होती. मी तयारी म्हणते ती ही.

आपल्या जवळचं सांगायचं तर अंधेरीत सीप्झच्या आवारातलं ते जुनं चर्च. 1579 साली बांधलेलं. 1840च्या साथीनंतर ते सोडावं लागलं, गाव मरोळकडे सरकलं. मूर्ती, वेदीचं सामान, बाप्तिस्म्याचं कुंडसुद्धा लोकांनी नव्या चर्चमध्ये नेलं. भिंती मागे राहिल्या, उपासना थांबली नाही, कारण रोज जपलेलं संकटातही सोबत येतं. आजही मे महिन्यात वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते, आणि उघड्या आकाशाखाली माणसं दाटीने उभी राहतात.

आता तुझ्या घरात येऊ. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की प्रेमाखेरीज कोणाचं ऋण ठेवू नका, आणि लगेच पुढे सांगतो की रात्र सरत आली, आता उठा. या दोन गोष्टी त्याने शेजारी शेजारी ठेवल्या, त्या उगीच नाहीत. म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे: आज द्यायचं प्रेम उद्यावर टाकू नकोस. वहिनीशी गणपतीपासून अबोला धरलायस. खालच्या मजल्यावरच्या आजी दुपारभर दाराशी खुर्ची टाकून बसतात, त्यांच्याकडे जायचं म्हणतेस आणि राहून जातं. त्या आपल्या धर्माच्या नाहीत, पण प्रभूने धर्म बघून शेजारी ठरवायला सांगितलं नव्हतं. एकटीने जायला अवघड वाटत असेल, तर पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी आहे का विचार. 1833 साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी ती सुरू केली आणि घरोघर जाऊन गरजूंना भेटणं हेच तिचं मुख्य काम. त्यांच्याबरोबर दोन घरं फिरून ये, संकोच आपोआप मोडेल.

एक मात्र नीट ऐक. क्षमा करायची म्हणजे मार खात राहायचं नव्हे. कोणी हात उगारत असेल, पैसे लुबाडत असेल, तर तिथून बाहेर पड आणि मदत माग. मनात सूड न ठेवणं वेगळं, स्वतःला तुडवून घेणं वेगळं. प्रेमाच्या नावाखाली कोणी तुला गप्प बसवत असेल तर ते मानू नकोस.

प्रार्थनेला वेळच मिळत नाही म्हणतेस. संत इग्नेशियसने शिकवलेली रात्रीची आत्मपरीक्षा करून बघ, दहा मिनिटं पुरतात. आधी दिवसाबद्दल आभार. मग सकाळपासून काय काय घडलं ते प्रभूच्या सोबतीने आठवायचं: कुठे प्रेमाने वागले, कुठे अंग चोरलं. चुकलं तिथे माफी मागायची आणि उद्यासाठी एकच काम ठरवायचं, करता येईल असं. जड काही मनात राहिलं असेल तर शनिवारी कन्फेशनला जा, साठवून ठेवू नकोस. असं रोज करत गेलीस की भीतीला जागा उरत नाही, कारण ज्याची वाट बघायची त्याच्याशी रोजचं बोलणं असतं.

आणि आजचं काम मीच ठरवून देते. जेवणं झाली की वहिनीला फोन लाव. चूक कोणाची, ते आज काढू नकोस, नुसती तब्येत विचार. प्रभू उद्या येवो की आणखी पन्नास वर्षांनी, तो फोन आजचाच आहे.