पाणथळीवरील पाठ : नांदूर मध्यमेश्वर

शैक्षणिक सहल आपल्या शाळांना नवी नाही. परंतु सहलीनंतरच्या वह्या तपासताना पुष्कळदा असे आढळते की, तीस मुलांचे तीस निबंध एकाच वाक्याने सुरू होतात व एकाच वाक्याने संपतात. अशा वेळी मुले जाऊन आली खरी, पण पाहिले ते फळ्याने, असेच म्हणावे लागते. मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे व पाहिले तेवढेच लिहावे, हा परिसर अभ्यासाचा पाया आहे. तो घालण्यास आपल्या जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे उत्तम स्थळ होय.

स्थलपरिचय : निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. त्यामुळे पाण्याचा साठा घटला; मात्र उथळ पाणी, दलदल, लहान बेटे व पाणकणसाची दाटी निर्माण झाली, आणि पक्ष्यांना अन्न व आसरा मिळाला. १९८६ साली हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणातील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्या यादीत या स्थळाचा समावेश झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील असे हे पहिलेच स्थळ. येथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

पूर्वतयारी : डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य, कारण तेव्हा उत्तरेकडील पाहुणे पक्षी आलेले असतात. वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना आधी कळवावे. मुलांचे पाच-पाचांचे गट करावेत व प्रत्येक गटास एक वही द्यावी. भडक रंगाचे कपडे, खाऊची कागदे व गलोल घरीच राहतील, असे पाहावे. काठ निसरडा असल्याने पाण्यात कोणी उतरू नये. सकाळी लवकर पोहोचणे इष्ट.

प्रत्यक्ष पाहणी : निरीक्षण मनोऱ्यावरून प्रथम दहा मिनिटे केवळ शांतपणे पाहू द्यावे. मग नावे न सांगता प्रश्न विचारावेत. चोच कशी आहे? पाय किती लांब? पक्षी पाण्यावर पोहतो, बुडी मारतो, की चिखलात चालतो? शेकाट्याचे लांब गुलाबी पाय उथळ पाण्यात चालण्यास सोयीचे असतात. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवून भक्ष्य टिपतो. थापट्या बदक रुंद चोचीने पाणी गाळते. तलवार बदक शेपूट वर व डोके पाण्यात करून तळाचे अन्न शोधते. ज्याचे जसे अन्न तशी त्याची चोच, हे मुलांनी स्वतः शोधून काढले म्हणजे पाठ साधला. काळ्या वारकरी पक्ष्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो. त्यास हे नाव का पडले असावे, हेही मुलांनाच विचारावे. बदामी रंगाचा चक्रवाक लडाख-तिबेटकडील उंच प्रदेशात वीण करून थंडीत इकडे येतो. नकाशावर ती वाट मुलांना बोटाने दाखवू द्यावी.

मोठा थवा दिसल्यास दहा पक्षी मोजावेत, तेवढी जागा डोळ्यांत धरावी व तशा किती जागा भरतात ते पाहावे. अंदाजाचे गणित येथे आपोआप शिकविले जाते. पक्षी उडावेत म्हणून कोणी दगड मारू लागल्यास त्यास दटावण्यापेक्षा समजावून सांगावे की, दूरवरून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात शक्ती साठवायची असते. विनाकारण घेतलेली प्रत्येक झेप ती शक्ती खर्च करते.

वर्गकार्य : परतल्यावर फळ्यावर निबंध लिहून देऊ नये. प्रत्येक गटाने रंग, चोच, पाय व अन्न असे चार रकाने भरावेत. ‘नाव माहीत नाही’ असे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत. न पाहिलेले लिहिणाऱ्यापेक्षा तो अधिक शिकला आहे. नंतर वरच्या वर्गात एक प्रश्न चर्चेस ठेवावा : गाळ साचल्याने शेतीचे पाणी घटले आणि पक्ष्यांना घर मिळाले, आता गाळ काढावा की ठेवावा? मुले शेतकऱ्यांची आहेत. दोन्ही बाजू त्यांच्या घरच्याच आहेत. उत्तर आपण सुचवू नये. प्रत्येकाने आपले मत कारणासह मांडावे, एवढाच आग्रह धरावा.

ज्या शाळांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांनी गावच्या पाझर तलावावर हाच पाठ घ्यावा. बगळा, खंड्या, टिबुकली व धोबी बहुतेक ठिकाणी भेटतात. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन त्यासाठी सोयीचा आहे. शिक्षक बंधुभगिनींनी या वर्षी तीस मुलांच्या तीस निरनिराळ्या वह्या तपासण्याचा आनंद अवश्य घ्यावा.