बिंदू कोण, रेघ कोण?

अगं, ग्राफ थिअरी शिकायला घेतली आहेस ना, मग पहिला महिना लॅपटॉप मिटून ठेव. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, शिसपेन्सिल आणि खोडरबर एवढंच पुढ्यात असू दे. हाताने काढलेल्या पाच-सहा बिंदूंच्या आकृतीतून जे उमगतं ते हजार बिंदूंच्या रंगीत चित्रातून उमगत नाही. बिंदू काढायचे, ज्यांचा एकमेकांशी संबंध आहे त्यांच्यात रेघ ओढायची. या विषयाचं सगळं भांडवल एवढंच. पण बिंदू कशाला मानायचं आणि रेघ कशाला, हे ठरवण्यातच निम्म्याहून जास्त काम होऊन जातं. म्हणून कुठलाही प्रश्न समोर आला की पद्धत आठवत बसण्याआधी विचार, इथे बिंदू कोण आणि रेघ कोण?

सुरुवात सगळे करतात तिथूनच कर, कोनिग्जबर्गच्या सात पुलांपासून. आज ते गाव रशियात आहे, कालिनिनग्राद नावाने. प्रेगेल नदीमुळे गावाचे चार तुकडे झाले होते आणि सात पूल ते जोडत होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, असा प्रश्न होता. ऑयलरच्या 1736च्या निबंधात त्याचं उत्तर आहे. वाटा शोधत बसण्याऐवजी त्याने प्रत्येक तुकड्याला किती पूल लागतात ते मोजलं: 5, 3, 3 आणि 3. तुकड्यात शिरायला एक पूल, बाहेर पडायला दुसरा, म्हणजे मधल्या कुठल्याही तुकड्याला पूल सम हवेत. विषम चालतील ते फक्त जिथून निघालो आणि जिथे थांबलो त्या दोन जागांना. इथे चारही विषम, तेव्हा असा फेरफटका अशक्य.

हे वाचून लगेच पान उलटू नकोस. कुठल्याही दोन तुकड्यांमध्ये आठवा पूल स्वतः बांध आणि पुन्हा मोज. कुठेही बांधलास तरी फेरफटका जमतो. का जमतो ते दोन ओळींत लिही, आणि कुठून निघावं लागेल तेही लिही. शिवाय एक गोष्ट कायमची गाठीला बांध. प्रत्येक रेघेला दोन टोकं असतात, म्हणून सगळ्या बिंदूंच्या डिग्रींची (बिंदूला जेवढ्या रेघा लागतात ती त्याची डिग्री) बेरीज रेघांच्या दुप्पट येते, आणि त्यामुळे विषम डिग्रीचे बिंदू नेहमी सम संख्येने असतात. आकृती उतरवताना एखादी रेघ एका टोकाला मोजली आणि दुसऱ्या टोकाला राहिली, तर या एका बेरजेने ते लगेच उघडं पडतं.

आता आपल्या गल्लीत ये. महापालिकेची घंटागाडी आणि घरपोच सामान देणारा मुलगा एकाच वस्तीत फिरतात, पण दोघांचे प्रश्न अगदी वेगळे. घंटागाडीला प्रत्येक रस्त्यावरून जायचंय, म्हणजे सगळ्या रेघा ओलांडायच्या आहेत. सामानवाल्याला ठराविक घरं गाठायची आहेत, म्हणजे बिंदू. पहिला प्रश्न ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने 1960च्या सुमारास पोस्टमनच्या निमित्ताने मांडला, आणि तो मोठ्या शहरासाठीही झटपट सुटतो. दुसरा म्हणजे प्रसिद्ध फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न. कितीही मोठं शहर दिलं तरी झटपट आणि नेमकं उत्तर हमखास देईल अशी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. कुणी शहराचा नकाशा घेऊन आलं आणि सर्वांत कमी अंतराची फेरी मागितली, तर आधी या दोहोंपैकी काय हवंय ते विचारून घे.

घंटागाडीचं गणित हाताने करून बघ. तीन आडवे आणि तीन उभे रस्ते काढ, म्हणजे नऊ चौक आणि चौकांमधले बारा तुकडे झाले. कोपऱ्यांची डिग्री 2, मधल्या चौकाची 4, आणि चार बाजूंच्या मधल्या चौकांची 3. म्हणजे चार विषम. निघाल्या जागी परत यायचं तर या चौघांच्या जोड्या लावून त्यांच्यामधले रस्ते दुसऱ्यांदा तुडवावे लागतात. कुठल्याही दोघांत कमीत कमी दोन तुकड्यांचं अंतर आहे, म्हणून दोन जोड्यांना चार तुकडे जास्तीचे. फेरी सोळाच्या खाली येऊच शकत नाही, आणि सोळात ती बसते. ती प्रत्यक्ष काढून दाखव.

वृक्षांबद्दल, म्हणजे कुठेही वर्तुळ न होता सगळे बिंदू जोडणाऱ्या जाळ्यांबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण ते तुला लवकर जमेल. बोरूव्काने 1926मध्ये मोरावियातल्या वीजजाळ्यासाठी कमीत कमी तारेत सगळी गावं कशी जोडावीत ते सोडवलं. क्रुस्कालची 1956ची रीत त्याहून सोपी आहे. स्वस्तातली स्वस्त तार आधी घे, आणि वर्तुळ होत असेल तर ती तार सोड. सहा गावं घेऊन एकदा कर. मात्र लक्षात ठेव, असं जाळं सर्वांत स्वस्त असलं तरी सर्वांत नाजूकही असतं. कुठलीही एक तार तुटली की त्याचे दोन तुकडे होतात. खरं वीजजाळं आखणारे मुद्दाम काही वर्तुळं ठेवतात ती याचसाठी.

कमीत कमी अंतराच्या वाटेवर मात्र भरपूर वेळ घाल. डायक्स्ट्राला ती शोधण्याची रीत 1956मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पिताना सुचली, वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय. नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी त्याने नेदरलँड्समधली 64 शहरं घेतली होती. लेख 1959मध्ये छापून आला. तुला मात्र कागद लागेल. बिंदूंचा तक्ता आख, प्रत्येक फेरीत सर्वांत जवळचा बिंदू पक्का कर आणि त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे सुधार. पाच-सहा बिंदूंवर हे इतक्यांदा कर, की रीत पाठ न करता हाताला सुचत जाईल.

मग ती मोडून बघ. कुठलीही रीत कुठे मोडते ते ठाऊक नसेल तर ती शिकली असं मी म्हणत नाही. अ पासून ब पर्यंत 2, अ पासून क पर्यंत 3, आणि क पासून ब पर्यंत उणे 2. डायक्स्ट्रा ब ला आधीच 2वर पक्का करून बसतो, आणि क वरून आलं तर 1 पडतो हे त्याला दिसत नाही. तू म्हणशील, उणे अंतर कुठे असतं? विजेवरची गाडी घेऊन लोणावळ्याहून खोपोलीकडे घाट उतर. उतारावर वेग आवरताना गाडी थोडी वीज बॅटरीत परत भरते. रेघेवर किलोमीटरऐवजी खर्ची पडलेली वीज लिहिलीस, तर घाटाच्या काही तुकड्यांवर उणे आकडा येतो. तिथे बेलमन-फोर्डची रीत लागते. ती संथ आहे, पण उणे आकड्यांना घाबरत नाही. तिची अट एकच, गोल फिरून आल्यावर बेरीज उणे होता कामा नये. इथे ती अट निसर्गच पाळतो, कारण फेरी मारून त्याच जागी परत आल्यावर बॅटरी आधीपेक्षा जास्त भरलेली असणं शक्य नाही.

अजून एक पायरी उतर. लोणावळ्यालाच बॅटरी पूर्ण भरून निघालीस, तर घाटातली वीज साठवायला जागाच नसते. म्हणजे रेघेवरचा आकडा गाडी किती भरलेली आहे यावर बदलतो, आणि आपली आकृती खोटी ठरते. उपाय असा की केवळ गाव हा बिंदू मानायचा नाही. गाव आणि तिथे पोचतानाची बॅटरीची पातळी, या जोडीला बिंदू मान. लोणावळा 100 टक्के हा एक बिंदू, लोणावळा 60 टक्के हा दुसरा. बिंदू कितीतरी पटींनी वाढतात, पण आकृती पुन्हा खरं बोलायला लागते. ही एक युक्ती मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवत आलो आहे. एखादी रीत लागू पडत नसेल तर रीत बदलण्याआधी बिंदू बदलून बघायचा.

नकाशावरून आकृती काढताना डोळे उघडे ठेव. दोन रेघा एकमेकींना छेदतात म्हणून तिथे चौक असतोच असं नाही, वरून उड्डाणपूल गेलेला असतो. एकेरी रस्त्याच्या रेघेला बाण लागतो. आणि काही रेघा नकाशात दिसतच नाहीत. मुंबईच्या लोकलचा नकाशा बघ, परळ मध्य रेल्वेवर आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी, पश्चिम रेल्वेवर. नकाशात दोन वेगळ्या रेघांवरचे दोन वेगळे बिंदू. पण रोज हजारो माणसं एका पादचारी पुलावरून एकीकडून दुसरीकडे जात होती. 29 सप्टेंबर 2017च्या सकाळी, पावसात, त्या पुलाच्या जिन्यावर वीसपेक्षा जास्त माणसं चेंगरून गेली. तो पूल म्हणजे रेघच होती, आणि तिची क्षमता ठरलेली होती. जाळ्यात किती गाड्या आणखी सोडता येतील हा हिशेब करताना माणसं ज्या जिन्यांवरून उतरतात त्यांची रुंदी त्याच आकृतीत आली पाहिजे, असं मला फार पोटतिडकीने वाटतं.

क्षमतेचं हे गणित शिकताना फोर्ड आणि फुल्करसन यांचं 1956चं प्रमेय नीट वाच. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल? जाळं दोन भागांत तोडणारा, क्षमतेने सर्वांत लहान छेद जेवढा, बरोबर तेवढा. यामागे 1955चा हॅरिस आणि रॉस यांचा एक गुप्त अमेरिकन अहवाल होता. सोव्हिएत रशिया आणि पूर्व युरोपातल्या रेल्वेची 44 बिंदू आणि 105 रेघांची आकृती त्यात होती, आणि ती कुठे तोडली तर वाहतूक थांबेल याचा विचार होता. तेच प्रमेय गर्दीचा चिंचोळा जिना शोधायलाही लागू पडतं. कशासाठी वापरायचं ते आपल्या हाती.

रंग भरण्याचा भाग बहुतेकांना आवडतो, तुलाही आवडेल. परीक्षेचं वेळापत्रक घे. विषय हे बिंदू, एखादा विद्यार्थी ज्या दोन विषयांना बसलाय त्यांच्यात रेघ, आणि रंग म्हणजे पेपरची वेळ. जोडलेल्या बिंदूंना वेगळा रंग हवा. क्रमाने रंग देत जाण्याची सोपी रीत क्रमावर किती अवलंबून असते ते चार बिंदूंच्या सरळ साखळीवर बघ. एका टोकापासून ओळीने गेलीस तर दोन रंग पुरतात, दोन्ही टोकं आधी रंगवलीस तर तिसरा लागतो.

याच भागात एक वाचन मी नेहमी सुचवतो. सपाट नकाशाला चार रंग पुरतात हा प्रश्न 1852चा. केंपेने 1879मध्ये त्याची सिद्धता दिली, ती अकरा वर्षं मान्य होती, आणि 1890मध्ये हीवुडने तिच्यातली फट दाखवली. खरी सिद्धता अपेल आणि हाकेन यांनी 1976मध्ये संगणकाच्या मदतीने पुरी केली. तू केंपेची सिद्धता वाच आणि फट स्वतः शोध. आठवडा लागला तरी चालेल. गणिती युक्तिवाद कसा वाचावा हे दहा बरोबर सिद्धता वाचून येणार नाही इतकं त्या एकीतून येतं. आणि केंपेची कल्पना वाया गेली नाही, दोन रंगांच्या साखळीची अदलाबदल करण्याची त्याची युक्ती विद्यापीठांची वेळापत्रकं बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आजही वापरली जाते.

सर्वांत जपून ठेवलेली गोष्ट आता सांगतो. शरच्चंद्र श्रीखंडे हे आपले गणितज्ञ नागपुरात शिकले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. 2020मध्ये गेले तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडलेली होती. बोस आणि पार्कर यांच्याबरोबर त्यांनी ऑयलरचंच लॅटिन चौरसांबद्दलचं 1782चं अनुमान खोटं पाडलं, ती बातमी 1959मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. त्याच वर्षीचा त्यांचा ग्राफ तुला काढायचा आहे.

आधी बुद्धिबळाचा 4 बाय 4 पट घे. सोळा घरं हे बिंदू. एकाच रांगेत किंवा एकाच स्तंभात असलेली घरं जोड. प्रत्येकाची डिग्री 6, रेघा 48, आणि कुठल्याही दोन बिंदूंना सामाईक शेजारी बरोबर दोन. आता श्रीखंड्यांच्या ग्राफसाठी दुसऱ्या कागदावर तीच सोळा घरं मांड. या वेळी प्रत्येक घर वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या आणि एकाच दिशेच्या तिरक्या रेषेवरच्या दोन्ही लगतच्या घरांना जोड, आणि पटाच्या कडेबाहेर गेलीस की समोरच्या कडेने आत ये. पुन्हा डिग्री 6, रेघा 48, सामाईक शेजारी दोन. सगळे आकडे जुळले, म्हणजे आकृती तीच? एका बिंदूचे सहा शेजारी वेगळे काढ आणि त्यांच्यातल्याच रेघा बघ. पहिल्या कागदावर दोन सुटे त्रिकोण दिसतील, दुसऱ्यावर अखंड षट्कोन. पटाचा आकार दुसरा कुठलाही असता तर या आकड्यांवरून आकृती एकच निघते, अपवाद फक्त चारचा, हे श्रीखंड्यांनी सिद्ध केलं. लोकांच्या मैत्रीचं किंवा पेशीतल्या प्रथिनांचं जाळं घेऊन कुणी म्हणालं की सरासरी डिग्री आणि सामाईक शेजारी जुळतात म्हणून दोन्ही जाळी सारखी, तर त्याच्यापुढे हे दोन कागद ठेव.

पुस्तकं फार नकोत. नरसिंग देव यांचं 1974चं पुस्तक अभियांत्रिकीच्या ग्रंथालयात मिळेल, उपयोगांसाठी ते उत्तम आहे. सिद्धतांसाठी बाँडी आणि मूर्ती यांचं 1976चं घे, पण प्रत्येक प्रकरणाखालची उदाहरणं सोडवल्याशिवाय पुढच्या प्रकरणाला हात लावू नकोस. महिना झाला की लॅपटॉप उघड, पायथनमध्ये नेटवर्कएक्स बसव, आणि आपल्या वॉर्डाचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवून घे. विषम डिग्रीचे चौक किती येतात ते मोज, मग त्यातले दहा चौक निवडून पायी जाऊन बघ, नकाशाने सांगितलेले रस्ते तिथे खरोखर आहेत का. तफावत निघेल ती वहीत लिहून ठेव, दिवाळीत येशील तेव्हा आपण दोघं मिळून बघू.