योनिपिचु आणि टॅम्पॉन : रचनेतून मिळणारा बोध

योनिपिचु स्नेह धारण करण्यासाठी, तर टॅम्पॉन रजःस्राव शोषण्यासाठी योजला जातो. डेन्व्हरचे डॉ. अर्ल हास यांना नळीसह वापरावयाच्या, दाबलेल्या कापसाच्या टॅम्पॉनचे पेटंट १९३३ मध्ये मिळाले. पुढे अतिशोषणासाठी ‘रिलाय’मध्ये पॉलिएस्टर फोम व कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज वापरले गेले. टॉक्सिक शॉक सिंड्रोमशी संबंध आढळल्याने १९८० मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. टॅम्पॉन आठ तासांहून अधिक ठेवू नये व शोषणक्षमता गरजेपुरतीच निवडावी, हा आजचा दंडक होय.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, पिचूचा कापूस व गॉज निर्जंतुक असावा, दोरा बाहेर राहावा आणि मूत्रवेग येताच पिचु काढावा. टॅम्पॉन देताना औषधविक्रेत्यांनी तीव्र ताप, पुरळ, भोवळ ही धोक्याची लक्षणे अवश्य सांगावीत. अशा वेळी टॅम्पॉन तत्काळ काढून रुग्णेस रुग्णालयात न्यावे.