हिमारण्यांतील वाटाडे

बर्फ म्हटलें म्हणजे आमच्या प्रांतांतील मुलामुलींच्या डोळ्यांपुढें वळवाच्या पावसांतील गारा येतात, किंवा फार तर महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या कडक थंडीच्या पहांटे गवतावर गोठलेलें दंव येतें. वर्षांतून अर्धा काळ जमीन ज्याखालीं दडून राहते असें हिम कसें असेल, याची कल्पना येथें बसून येणें कठीण. अशा हिमांत, रेल्वे व सडक यांपासून दूर एखाद्या लांकडी घरांत आठ-दहा दिवस राहावयाचें, आणि पायांना स्की नांवाच्या लांब, अरुंद व पुढून वर वळलेल्या पट्ट्या बांधून डोंगर चढावयाचे आणि उतरावयाचे, असा एक खेळ थंड देशांत आहे. खेळणाऱ्यांचीं चित्रें पुष्कळ छापलीं जातात. त्यांना तेथें नेणारे, जेवूं घालणारे आणि सुखरूप परत आणणारे लोक त्या चित्रांत क्वचितच दिसतात. या लेखांत आम्ही त्यांच्याविषयीं लिहिणार आहों.

उदाहरण म्हणून कॅनडांतील एक जागा घेऊं. त्या देशाच्या पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा आहेत. तेथील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानांत, लेक लुईस या स्थळापासून सुमारें ११ किलोमीटर आंत, स्कोकी नांवाचें खोरें आहे. बॅन्फ गांवच्या क्लिफर्ड व्हाइट व सिरिल पॅरिस या दोन तरुणांच्या पुढाकारानें १९३०-३१ च्या सुमारास तेथें ओंडक्यांचें एक घर उभें राहिलें. समुद्रसपाटीपासून त्याची उंची २,१०० मीटरांहून अधिक आहे. आमचें कळसूबाईचें शिखरहि १,६४६ मीटरांवरच थांबतें. वाट रानांतून वर चढते, बोल्डर खिंड ओलांडते, टार्मिगन नांवाच्या गोठलेल्या तळ्याजवळून जाते, आणि मग डिसेप्शन पास, म्हणजे अक्षरशः ‘फसवी खिंड’, चढून पलीकडे उतरते. घरांत वीज नाहीं, नळ नाहीं. आजहि नाहीं.

पहिल्या वर्षांत या घराचा कारभार पीटर व कॅथरीन व्हाइट या नवविवाहित जोडप्यानें पाहिला. पीटर हे क्लिफर्ड यांचे बंधु. दोघेंहि चित्रकार, बॉस्टन येथील कलाशाळेंत त्यांची ओळख झाली आणि १९३० सालीं विवाह झाला. कॅथरीनबाई मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गांवच्या, सुखवस्तु घरांत वाढलेल्या. अशी बाई रानांतल्या घरांत पाहुण्यांसाठीं चुलीपाशीं उभी राहते, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या चित्रांइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांनीं आपल्या आईस नियमानें पत्रें लिहिलीं. पुढें या दांपत्यानें बॅन्फ येथें स्थापिलेलें संग्रहालय १९६८ मध्यें उघडलें.

चुलीपाशीं उभें राहणें म्हणजे तेथें काय, हें आमच्या मुलींनीं तरी नीट समजून घ्यावें. मुलांनीं घेतलें तर अधिकच बरें. पाणी हवें तर ओढ्यावरील बर्फ कुऱ्हाडीनें फोडावें लागतें, किंवा हिम वितळवावें लागतें. ताज्या हिमाचीं दहा भांडीं वितळविलीं तर पाण्याचें जेमतेम एक भांडें भरतें. शिवाय कोरडें हिम तसेंच तापत्या भांड्यांत घातलें तर भांडें करपतें आणि पाण्याला जळका वास येतो. म्हणून तळाशीं आधीं थोडें पाणी ठेवावें लागतें. वीस पाहुण्यांचा चहा, रस्सा, भांडीं आणि हातपाय धुणें एवढ्यास किती हिम लागेल, याचा हिशेब वर्गांत करून पाहण्यासारखा आहे. लांकूड उन्हाळ्यांतच फोडून, रचून, झांकून ठेवलेलें असावें लागतें. पीठ, डाळी, रॉकेल हेंहि तसेंच. पहांटे सर्वांच्या आधीं कोणीतरी उठून शेगडी पेटवितो. ओले मोजे व बूट रात्रीं तिच्याभोंवतीं नीट वाळविले नाहींत, तर दुसऱ्या दिवशीं कोणाच्या तरी पायाचीं बोटें गोठतात. वाटाड्याच्या कामास सुरुवात होते ती येथून, डोंगरावर नव्हे.

डोंगरावर निघतांना स्कीच्या तळाला चामड्यासारखी केसाळ पट्टी लावतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. केस मागच्या बाजूस वळलेले असल्यामुळें स्की पुढें सरकते, पण मागें घसरत नाहीं. वाटाड्या पुढें राहून नव्या हिमांत वाट पाडतो. ती सरळ वर न नेता नागमोडी, आणि सर्वांत अशक्त पाहुण्याला झेपेल इतक्याच चढाची. मधून मधून तो सर्वांचे चेहरे पाहतो. गालावर किंवा नाकावर पांढरा ठिपका दिसला कीं ती हिमबाधेची सुरुवात. मग त्या जागेवर ऊबदार तळहात नुसता धरावयाचा, चोळावयाचा नाहीं. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वींच ठरलेली असते, कारण हिवाळ्यांतला दिवस फार तोकडा.

हीं कामें कष्टाचीं खरीं, पण शिकतां येण्याजोगीं आहेत. खरें कठीण आहे तें हिम वाचणें.

हिम एकदम पडत नाहीं. थोडथोडें पडतें, आणि प्रत्येक वेळचा थर निराळा. पोळीला पदर असतात तसे त्याला पदर असतात. रॉकी पर्वतांत थंडी कडक आणि हिमाचा सांठा पुष्कळदां पातळ. अशा ठिकाणीं जमिनीलगतचें तपमान शून्य अंशाच्या आसपास राहतें, तर वरची हवा उणे २० किंवा ३० अंशांपर्यंत उतरते. या तफावतीमुळें खालची वाफ हिमांतून वर सरकूं लागते, आणि वाटेंतील बारीक हिमकणांचे टोकदार, एकमेकांस न चिकटणारे दाणे बनतात. मुठींत घेतले तर ते साखरेसारखे ओघळतात. या साखरेवर पुढें नवें हिम सांचलें, किंवा वाऱ्यानें वाहून आणून त्याची घट्ट लादी बनविली, म्हणजे वर भक्कम दिसणारी गच्ची आणि खालीं खांबच नाहींत अशी स्थिति होते. बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर अशा गच्चीवर एका माणसाचें वजन पडलें, तरी ती तडकते आणि सगळा उतार खालीं धांवतो. यासच हिमलोट म्हणतात. लोट आपण होऊन माणसावर येतो असें पुष्कळांस वाटतें. तसें क्वचित् घडतें. ज्यांचा बळी जातो त्यांनीं किंवा त्यांच्या सोबत्यांनींच तो बहुधा सोडलेला असतो.

म्हणून वाटाड्या फावड्यानें हिमांत खड्डा खणून त्याच्या भिंतींत थर पाहतो, बोटांनीं दाबून कोणता थर भुसभुशीत आहे तें शोधतो. हिमाचा एक चौकोनी खांब मोकळा करून त्यावर हातानें थापट्या देतो, आणि कितव्या थापटीला तो कोठें तुटतो तें मोजतो. पायांखालीं ‘धप्प’ असा दबका आवाज झाला कीं तो जागच्या जागीं थांबतो, कारण खालचा कच्चा थर बसल्याची ती खूण आहे. शंकास्पद उतार ओलांडावाच लागला तर एका वेळीं एकच माणूस सोडतो. बाकीचे सुरक्षित जागीं उभे राहून त्याच्यावर दृष्टि ठेवतात.

पण सर्वांत मोठी कसोटी निराळीच आहे. रात्रभर हिम पडून सकाळीं आकाश निळें झालें, म्हणजे घसरण्यास त्याहून सुंदर दिवस नाहीं. आणि धोकाहि बहुधा त्याच दिवशीं सर्वांत अधिक. पाहुण्यानें पैसे मोजलेले असतात, रजा संपत आलेली असते, समोरचें शिखर हांकेच्या अंतरावर दिसतें. अशा वेळीं ‘आज तिकडे जावयाचें नाहीं’ असें सांगणें हें वाटाड्याचें काम. नाहीं म्हटल्यावर त्या दिवशीं तेथें कांहींच घडलें नाहीं, तर तो बरोबर होता कीं चुकला हें कोणालाहि कधीं कळत नाहीं. शिक्षकाच्या कामाशीं याचें थोडें साम्य आहे असें आम्हांस वाटतें, पण तो विषय निराळा.

याच स्कोकीच्या परिसरांत ७ एप्रिल १९३३ रोजीं जें घडलें तें गणिताच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. रेमंड पेली हा इंग्रज तरुण केंब्रिजचा गणिती. त्याचे गुरु लिट्लवुड, म्हणजे हार्डी यांच्यासह ज्यांचें नांव आमच्या रामानुजनांच्या चरित्रांत येतें तेच. पेली त्या वर्षीं अमेरिकेंत नॉर्बर्ट वीनर यांच्याबरोबर संशोधन करीत होता, आणि सुटींत स्कीसाठीं रॉकी पर्वतांत आला होता. त्या दिवशीं तो फॉसिल पर्वताच्या उतारावर, सुमारें ९,६०० फूट उंचीवर, एकटाच गेला. हिमलोट सुटला. खालीं असलेल्या सोबत्यांनीं तो डोळ्यांनीं पाहिला. पेलीचें वय २६ वर्षांचें होतें. त्याला बॅन्फ येथें पुरलें, आणि वीनर यांनीं दोघांच्या नांवानें तें काम १९३४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. पेलीचीं प्रमेयें आजहि विद्यापीठांत शिकवितात. त्याच्या बुद्धीला उणें कोण म्हणेल? परंतु उताराला बुद्धि दिसत नाहीं, वजन तेवढें कळतें.

त्या काळीं गाडलेल्या माणसास शोधण्याचीं साधनें फार तोकडीं होतीं. कोणी कमरेला लांब तांबडी दोरी बांधीत, कीं लोटांत सांपडल्यास तिचें टोंक तरी वर दिसावें. १९६८ च्या सुमारास अंगावर बाळगण्याचें संदेशयंत्र निघालें. एकाच्या यंत्राची खूण दुसऱ्याच्या यंत्रास ऐकूं येते. आज वाटाड्याच्या मंडळींत प्रत्येकाजवळ हें यंत्र, लांब सळई आणि फावडें असतें, आणि निघण्यापूर्वीं तो सर्वांकडून त्यांचा सराव करून घेतो. कारण पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेला माणूस बहुधा वांचतो. अर्धा तास लोटल्यावर आशा फार थोडी उरते. तेवढ्या वेळांत गांवाहून मदत पोंचत नाहीं. जे जवळ उभे आहेत त्यांनींच खणावयाचें.

वाटाड्यांच्या शिक्षणाचीहि रीत बदलली. कॅनडाच्या रेल्वे कंपनीनें १८९९ पासून स्वित्झर्लंडमधील अनुभवी वाटाडे आणविले होते. कॅनडाच्या वाटाड्यांचा स्वतःचा संघ १९६३ मध्यें झाला, आणि परीक्षा उतरल्यावांचून त्याचें प्रमाणपत्र मिळत नाहीं. पण कांहीं माणसें परीक्षेंत बसत नाहींत. लिझी रूमेल या जर्मनींत वाढलेल्या बाई. तरुणपणीं कॅनडांत आल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत व नंतर स्कोकीचें घर चालविलें, आणि १९५० पासून सुमारें वीस वर्षें असिनिबॉइन शिखराच्या पायथ्याशीं सनबर्स्ट तळ्याकांठीं स्वतःचें ठाणें संभाळलें. कॅनडा सरकारनें १९८० सालीं त्यांस राष्ट्रीय सन्मान दिला. त्याच वर्षीं त्या वारल्या.

स्कोकीचें घर १९९२ मध्यें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलें. संध्याकाळीं तेथें अजून दिवेच लावतात, शेगडींत लांकूडच घालतात. पाहुणे हिवाळ्यांत अजून स्कीवरूनच येतात, आणि शेवटचा चढ फॉसिल पर्वताच्या कुशीलगतच्या त्याच फसव्या खिंडीवरून आहे.