परग्रहावरचा पाहुणा आणि शेजारचा झोंबी

आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी भीतीच्या जागा ठरलेल्या होत्या. गावाबाहेरचे चिंचेचे झाड, पडकी विहीर, मसणवटीकडे जाणारी वाट. तिथे मुंजा असे, हडळ असे, खवीस असे. आजी संध्याकाळी ओटीवर बसून या गोष्टी सांगायची आणि मग अंगणात जायलासुद्धा आपला पाय धजत नसे. आजच्या मुलांना हडळ फारशी ठाऊक नाही. त्यांना एलियन ठाऊक आहेत, झोंबी ठाऊक आहेत. मोबाइलवरच्या खेळात ती शेकडो झोंबींना गोळ्या घालतात आणि जेवायला हाक मारली की 'एवढी लेव्हल संपू दे' म्हणतात.

'हे सारे खोटेच असते, मग त्याचा एवढा विचार कशाला?' असे पालक विचारतात. राक्षस खोटा असतो हे खरे. पण त्याला जन्म देणारी भीती खोटी नसते. एखाद्या काळातली माणसे कोणाला राक्षस बनवतात हे पाहिले, की ती माणसे कोणाला घाबरत होती ते कळते. म्हणून या लेखात आपण दोन राक्षसांचा प्रवास पाहू या. एक परग्रहावरचा, दुसरा कबरीतून उठलेला. दोघेही बदलले, परंतु उलट्या दिशांनी.

परका मित्र कसा झाला?

१८९८ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चाल करून येतात आणि आपल्या यंत्रांनी गावेच्या गावे जाळत सुटतात, अशी तिची कथा. तेव्हा ब्रिटिश साम्राज्य जगभर पसरले होते. वेल्स यांनी कादंबरीच्या सुरुवातीलाच टास्मानिया बेटावरच्या मूळ रहिवाशांची आठवण करून दिली आहे. युरोपातून गेलेल्या लोकांनी त्यांचा संहार केला होता. आपण दुसऱ्यांचे जे केले तेच उद्या कोणी आपले केले तर? मंगळावरचा शत्रू या प्रश्नातून जन्माला आला.

पुढे मात्र हा शत्रू निवळत गेला. १९६२ साली सत्यजित राय यांनी 'बंकुबाबूर बंधू' ही बंगाली कथा लिहिली. सर्वजण ज्यांची टर उडवतात अशा एका गरीब शाळामास्तरांना त्यात परग्रहावरचा पाहुणा भेटतो आणि ताठ मानेने उभे राहायला शिकवतो. १९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ई.टी.' ने जगभरच्या मुलांना रडवले. २००३ साली 'कोई मिल गया' मधला जादू आपल्याकडच्या घराघरांत पोहोचला. हल्ला करणारे एलियन पडद्यावरून गेलेले नाहीत. पण परग्रहावरचा प्राणी मित्रही असू शकतो, हे आता लहान मूलही मानते.

आपल्या धर्मसभेतही या विषयाकडे मोकळ्या मनाने पाहिले गेले आहे. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे संचालक, जेझुइट खगोलशास्त्रज्ञ फादर होसे फुनेस यांनी २००८ साली एका मुलाखतीत सांगितले, की परग्रहावर जीवसृष्टी असेल तर तीही परमेश्वराचीच निर्मिती. संत फ्रान्सिस सृष्टीतल्या जीवांना भाऊ-बहीण म्हणत. मग परग्रहवासीयालाही भाऊ का म्हणू नये? २०२५ साली याच वेधशाळेची धुरा गोवा प्रांताचे जेझुइट फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

झोंबी मुळात कोण होता?

झोंबीची गोष्ट हैती या कॅरिबियन बेटावरच्या देशातली आहे. तिथे फ्रेंचांचे उसाचे मोठमोठे मळे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतून आणलेले सुमारे ५ लाख गुलाम तिथे राबत होते. मेल्यावर आपला आत्मा समुद्रापलीकडे आफ्रिकेला, आपल्या पूर्वजांकडे परत जाईल, एवढीच आशा त्यांच्याजवळ होती. झोंबी म्हणजे जो परत जाऊ शकला नाही असा माणूस. जादूटोणा करणारा त्याला कबरीतून उठवतो, त्याची इच्छा आणि आठवण काढून घेतो आणि मेल्यावरही मळ्यात राबवतो. म्हणजे मरणसुद्धा ज्याला गुलामीतून सोडवू शकले नाही असा तो दुर्दैवी जीव.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हैतीचा माणूस झोंबीला घाबरत नव्हता, तो झोंबी होण्याला घाबरत होता. झोंबी कोणाला खात नसे, कोणाच्या अंगावर धावत नसे. तो स्वतःच बळी होता. त्याला पाहून दया यावी अशी ती गोष्ट होती. १७९१ साली याच गुलामांनी बंड केले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

पुढे १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता. तेव्हाच ही गोष्ट प्रवासवर्णनांतून अमेरिकेत पोहोचली आणि १९३२ साली 'व्हाइट झोंबी' हा चित्रपट निघाला. त्यातले झोंबी अजून साखरेच्या कारखान्यात मुकाट राबणारे मजूरच आहेत. त्यांतला एक जण यंत्रात पडतो, तरी बाकीचे मान वर न करता काम करीत राहतात.

दया गेली, धोका उरला

१९६८ साली जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला आणि सारे बदलले. आता मेलेली माणसे आपोआप उठू लागली आणि जिवंतांना खाऊ लागली. त्यांचा मालक उरला नाही, मळा उरला नाही, कोणी केलेला अन्यायही उरला नाही. उरला तो फक्त धोका. पण रोमेरो यांनी शेवट मोठा बोचरा केला आहे. कृष्णवर्णीय नायक रात्रभर झुंजून वाचतो. सकाळी बंदुका घेऊन आलेली माणसे खिडकीतल्या त्याला मुडदाच समजून गोळी घालतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. एकदा गोळ्या झाडायची सवय लागली की समोर कोण आहे हे पाहायचे राहून जाते.

२००२ सालच्या 'ट्वेंटीएट डेज लेटर' मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. त्यातले अंगावर धावून येणारे लोक मेलेले नाहीत. ती विषाणूची लागण झालेली, जिवंत, आजारी माणसे आहेत. २०२२ साली आपल्या मराठीतही 'झोंबिवली' आला, आणि इमारतीतली माणसे व शेजारच्या वस्तीतली माणसे यांच्यातली दरी त्याने विनोदाच्या अंगाने दाखवली.

आता दोन्ही प्रवास शेजारी ठेवून पाहा. लाखो मैलांवरचा परका मित्र झाला. आणि कालपर्यंत शेजारी असलेला, आपल्याच गल्लीतला माणूस राक्षस झाला. जो कधी भेटणार नाही त्याच्यावर प्रेम करणे सोपे असते. जो भिंतीपलीकडे खोकतो आहे त्याचे काय?

पडद्याबाहेर

हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाही. २०२० साली कोविड आला तेव्हा तो आपल्या दारात उभा राहिला. रुग्णांची सेवा करणाऱ्या डॉक्टरांना आणि नर्सभगिनींना काही ठिकाणी घर सोडायला सांगितले गेले. एप्रिलमध्ये चेन्नईत कोविडने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरांना दफन करायला जमावाने विरोध केला. रुग्णवाहिकेवर दगड आणि काठ्यांनी हल्ला झाला. अखेर त्यांच्या एका सहकारी डॉक्टरने दोन कर्मचाऱ्यांच्या मदतीने रात्री त्यांना पुरले. काही दिवसांतच, २२ एप्रिल रोजी, केंद्र सरकारला वटहुकूम काढून आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा ठरवावी लागली. त्या जमावातली माणसे दुष्ट होती असे आम्हाला वाटत नाही. ती घाबरलेली होती. पण भीतीने त्यांच्या डोळ्यांपुढचा माणूस पुसून टाकला होता.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात कबरींमध्ये राहणारा एक माणूस आहे. तो साखळदंड तोडतो, रात्रंदिवस ओरडतो, दगडांनी स्वतःला ठेचून घेतो. गावाने त्याला बांधून पाहिले आणि मग सोडून दिले. प्रभू येशू मात्र त्याला त्याचे नाव विचारतो, आणि शेवटी त्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांत पाठवतो. गावकरी भ्याले ते कधी, तर तो माणूस कपडे घालून शुद्धीवर बसलेला पाहिला तेव्हा. राक्षस पुन्हा शेजारी झाला की त्याच्यासाठी घरात जागा करावी लागते, आणि तेच जड जाते.

मुलांचे खेळ आणि चित्रपट बंद करा, असे आम्ही सांगत नाही. भीतीच्या गोष्टी आजीनेही सांगितल्या होत्या. पण आजी आपल्याजवळ बसलेली असे आणि मुंजाची गोष्ट सांगताना तो मुंजा का झाला हेही सांगे. तेवढे आपणही करावे. मुलाजवळ बसावे, गोष्ट पाहावी आणि विचारावे, 'हा आधी कोण होता रे?'

हैतीच्या लोककथेत मालक झोंबीला मीठ खाऊ देत नाही. कारण मिठाची चव लागली की त्याला आपण कोण ते आठवते आणि तो मळा सोडून निघतो. चिमूटभर मिठाने माणूस जागा होतो, अशी ती श्रद्धा. मिठाविषयी प्रभूने आपल्या शिष्यांना काय सांगितले ते आपल्याला ठाऊकच आहे.

घरात व गटात विचार करण्यासाठी:

१. आपली मुले सध्या कोणता खेळ खेळतात, कोणती मालिका पाहतात? त्यात मारला जाणारा कोण असतो? त्याला नाव असते का?

२. आपल्या गावात किंवा इमारतीत असे कोण आहे, ज्याच्याविषयी आपण बोलतो पण ज्याच्याशी बोलत नाही?

३. कोविडच्या काळात आपण कोणाला दार बंद केले? आणि आपल्यासाठी कोणी दार उघडले?