अलिप्त राष्ट्रांची मैत्री

वसईच्या तहाची कथा आपण सर्वांनीं इतिहासाच्या तासास ऐकली आहे. सन १८०२ च्या डिसेंबरांत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि त्यांच्या संमतीवाचून इतर दरबारांशीं बोलणें करण्याचा आपला हक्क गमावला. बलाढ्याच्या आश्रयाची किंमत काय पडते, हें त्या एका तहावरून ध्यानांत येतें. सन १९४७ मध्यें स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानास असला धडा विसरून चालणार नव्हतें. त्या वेळीं जग अमेरिका व रशिया यांच्या दोन गोटांत विभागलें जात होतें. कोणत्याहि गोटांत न शिरतां प्रत्येक प्रश्नावर आपलें मत आपणच ठरवावयाचें, हेंच अलिप्ततेचें धोरण होय.

परंतु येथें एक शंका उत्पन्न होते. जो कोणाच्याच पक्षांत नाहीं, त्यास मित्र कसे मिळावे? याचें उत्तर आम्ही युगोस्लाव्हियाच्या उदाहरणानें देऊं इच्छितों.

हा देश युरोपांतील. त्याच्या भाषा व राज्यपद्धति आपल्याहून अगदीं निराळ्या. तेथें साम्यवादी पक्षाची सत्ता होती. तरीहि मार्शल टिटो स्टॅलिनच्या आज्ञेंत राहिले नाहींत, म्हणून सन १९४८ च्या जूनमध्यें त्यांच्या पक्षास साम्यवादी पक्षांच्या संघटनेंतून काढून टाकण्यांत आलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या देशानें व हिंदुस्थानानें परस्परांशीं राजनैतिक संबंध जोडले. ही पहिली पायरी.

पण वकील पाठविल्यानें ओळख होते. विश्वास कार्यानेंच उत्पन्न होतो. सन १९५० मध्यें हे दोन्ही देश संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीचे सभासद होते. कोरियांत युद्ध पेटलें, आणि तेथील फौजा अमेरिकेच्या सेनापतित्वाखालीं देण्याचा ठराव ७ जुलै रोजीं समितीपुढें आला. तेव्हां हिंदुस्थान, युगोस्लाव्हिया व ईजिप्त हे तिघे तटस्थ राहिले. कोणत्याहि लष्करी तहानें ते एकमेकांस बांधलेले नव्हते. स्वतंत्र विचार करीत असतां ते एके ठिकाणीं येऊन पोहोंचले. ही दुसरी पायरी.

तिसरी पायरी भेटीगाठींची. सन १९५४ च्या डिसेंबरांत टिटो 'गालेब' नांवाच्या जहाजानें मुंबई बंदरास आले व तेथून दिल्लीस गेले. अलिप्तता म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें नव्हे, तर शांततेसाठीं सक्रिय झटणें होय, असें उभयतांनीं तेथील संयुक्त पत्रकांत जाहीर केलें. पुढील वर्षीं पंडित नेहरू त्यांच्या देशीं गेले. सन १९५६ च्या जुलैंत ब्रियोनी बेटावर टिटो, नेहरू व ईजिप्तचे नासर यांची भेट झाली. आणि सन १९६१ च्या सप्टेंबरांत बेलग्रेड येथें पंचवीस राष्ट्रांची पहिली अलिप्त परिषद भरली.

मात्र ह्या मैत्रीची मर्यादाहि आपण प्रामाणिकपणें पाहिली पाहिजे. ज्या चीनशीं सन १९५४ मध्यें पंचशील मान्य झालें होतें, त्यानेंच सन १९६२ च्या आक्टोबरांत आपल्यावर आक्रमण केलें. त्या संकटांत उघडपणें आपली बाजू घेणारीं अलिप्त राष्ट्रें थोडींच निघालीं. सहा राष्ट्रांनीं कोलंबो येथें जमून मध्यस्थी केली खरी; परंतु शस्त्रें आपणांस अमेरिका व ब्रिटन यांजकडून घ्यावीं लागलीं. सारांश, मैत्री म्हणजे ढाल नव्हे. स्वतःचें संरक्षण ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.

म्हणून ही मैत्री निष्फळ ठरली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. युगोस्लाव्हिया आज नकाशावर उरला नाहीं. परंतु बेलग्रेड येथें जमलेल्या पंचवीस राष्ट्रांच्या जागीं आज सुमारें एकशेंवीस राष्ट्रें त्या चळवळींत आहेत. लहान राष्ट्रासहि स्वतःचें मत असूं शकतें, हें तिनें जगास दाखविलें.

वर्गांत दोन तट पडले असतां, कोणाच्याहि मागें न जातां जें योग्य तें बोलणारा विद्यार्थी प्रथम एकटाच पडतो. परंतु त्यास जो मित्र मिळतो, तो बरोबरीच्या नात्यानें मिळतो. राष्ट्रांचेंहि तसेंच आहे.